सामाईक सखल जमीन

दैर सिद्र, रविवार, ९ सप्टेंबर २०१८

फव्वाज,

तुला सलाम. हे पत्र मी भाऊ म्हणून लिहीत नाही. भाऊ म्हणून लिहायचे असते तर पाच वर्षे थांबलो नसतो, किंवा अजूनही थांबलो असतो. एका सामाईक मालकाने दुसऱ्या सामाईक मालकास लिहिलेले हे पत्र आहे, आणि त्याचा विषय वडिलांनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेली ओढ्याकाठची सखल जमीन एवढाच आहे.

वस्तुस्थिती अशी. सीरियातल्या युद्धामुळे सीमेपलीकडून लोक आले तेव्हापासून आपले गाव जवळजवळ दुप्पट झाले, पण गावाखालचे शोषखड्डे तेवढेच राहिले. पूर्वी एका खड्ड्यावर एक घर होते, आता तीन आहेत. मैला उपसणारा टँकर येतो, एका गल्लीत थांबतो आणि बाकीच्या गल्ल्या त्याच्या नावाने बोटे मोडतात. या उन्हाळ्यात शाळेजवळच्या विहिरीचे पाणी तपासले आणि विहिरीला कुलूप लावावे लागले. कुलूप लावण्यापूर्वी जी मुले ते पाणी प्यायली, त्यांतली काही अजून रम्थाच्या दवाखान्यात आहेत. मुले आपल्या गावचीही आहेत आणि सीरियाचीही. विहिरीने त्यांच्यात भेद केला नाही.

आजवर या लोकांसाठी बाहेरच्या देशांतून जे काही आले ते राजधानीतून थेट छावण्यांत गेले: तंबू, ब्लँकेटे, तांदूळ. त्यात गैर काही नव्हते. परंतु बहुतेक कुटुंबे छावणीत राहतच नाहीत, ती आपल्यासारख्या गावांच्या गल्ल्यांत राहतात. तंबूत राहणाऱ्यास ब्लँकेट लागते, गल्लीत राहणाऱ्यास गटार लागते, आणि गटार बांधणे हे नगरपालिकेचे काम आहे. हा साधा विचार निधी देणाऱ्यांना सुचण्यास सहा वर्षे लागली, तरी सुचला. आलेल्यांना सामावून घेणाऱ्या नगरपालिकांच्या हाती थेट निधी द्यावा असे ठरले असून त्या यादीत दैर सिद्रचे नाव आहे. गावभर भुयारी गटार आणि ते पाणी वर शुद्धीकरणाकडे ढकलणारे पंपघर, एवढे त्यात होईल.

अट एकच आहे. पंपघराची जागा निर्विवाद हवी आणि मालकांची संमती ऑक्टोबर संपण्यापूर्वी हाती हवी. नसेल, तर निधी यादीतल्या पुढच्या गावाकडे जाईल.

जागा एकच आहे. पाणी उताराने जाते, त्याला भाऊबंदकी कळत नाही. गावातला सगळा उतार आपल्या जमिनीत येऊन संपतो.

कायद्याने नगरपालिका ती जमीन सक्तीने घेऊ शकते. पण नगरपालिकेचा अध्यक्ष मी आणि अर्ध्या जमिनीचा मालकही मीच. चाळीस वर्षे न्यायासनावर बसून मी लोकांना सांगत आलो की स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होत नाही. सत्तराव्या वर्षी ते विसरण्याचा माझा विचार नाही. म्हणून आदेश काढण्याऐवजी विनंती करतो आहे. माझ्या हिश्शाचा मोबदला मी घेणार नाही. तुझ्या हिश्शाचे तू ठरव.

पत्र मिफ्लिहच्या जावयाबरोबर कुवेतला पाठवतो. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून उत्तर फिद्दाआत्याकडे दिलेस तरी चालेल.

हायिल

दैर सिद्र, गुरुवार, २७ सप्टेंबर २०१८

फव्वाज,

तुझे उत्तर मिळाले. आत्याने फोन कानाला लावून दोनदा ऐकले आणि मग मला तोंडपाठ म्हणून दाखवले. त्यात तिने स्वतःचे काही घातले नसेल असे मी समजतो: "त्याला सांग, ज्या जमिनीवरून माझे पाहुणे उठवले, ती जमीन मी त्याच्या नळांना देणार नाही. तेव्हा माणसं जड झाली होती. आता माणसांबरोबर पैसा आला, तर गोड लागायला लागली."

न्यायालय सुटल्यावर संध्याकाळी विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकवत होतो तेव्हा माझा पहिला नियम असा असे: प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही चांगले मांडता येत नसेल, तर त्याला उत्तर देऊ नये. म्हणून तुझे म्हणणे मी आधी मांडतो.

२०१३च्या शरदात तू रजेवर आला होतास. ओढ्याकाठी बसलेली कुटुंबे तुला दिसली, आणि कुणालाही न विचारता तू त्यांना आपल्या जमिनीवर तंबू ठोकू दिलेस. तू म्हणालास, हे माझे पाहुणे आहेत. आपल्याकडे पाहुण्याला दिलेला शब्द हा जमिनीच्या कागदापेक्षा मोठा असतो. महिनाभरात नवा अध्यक्ष म्हणून मी आलो आणि ती जागा रिकामी करवली. मोठ्या भावाने धाकट्याचा शब्द पाहुण्यांसमोर मोडला. तू दुसऱ्या दिवशी विमानात बसलास. इथपर्यंत तुझी बाजू मला पूर्ण मान्य आहे.

आता उत्तर. ती जमीन सखल आहे म्हणून आज मी ती मागतो आहे, आणि सखल होती म्हणूनच तेव्हा ती रिकामी करवली. दोन्ही निर्णयांचे कारण एकच असताना त्यांत तुला विसंगती दिसते, हे मला समजत नाही. त्या डिसेंबरात बर्फ पडले, ओढा फुगला, आणि जिथे तंबू होते तिथे कमरेइतके पाणी उभे राहिले. हे मी तुला तेव्हा कळवले नाही. आपण बरोबर ठरल्याचा पुरावा पाठवणे हा भांडणाचाच एक प्रकार असतो.

तू विचारशील, मग तेव्हा त्यांना गावात नीट जागा का दिली नाही. कारण देण्यासारखे काही नव्हते. नगरपालिकेकडे एक टँकर, एक कचरागाडी आणि तीन महिने पगार न झालेले कामगार होते. माणसाचे मन मोठे असेल तर तो घरातले अर्धे जेवण देतो. नगरपालिकेला मन नसते, तिला अंदाजपत्रक असते. तिच्याकडून आदरातिथ्याची अपेक्षा करायची आणि हाती काही द्यायचे नाही, याला मी ढोंग म्हणतो. आज ते हाती येते आहे. "पैसा आला म्हणून गोड लागली" हे तुझे वाक्य टोचणारे आहे, परंतु त्यातला "म्हणून" चुकीच्या जागी आहे. माणसे गोड लागण्यासाठी पैसा नको होता. त्यांना राहता यावे यासाठी हवा होता.

माझ्या घराच्या वरच्या मजल्याबद्दल आत्याने तुला काही सांगितले असेल, तर त्याचा प्रस्तुत मुद्द्याशी संबंध नाही.

महिना उरला आहे.

हायिल

दैर सिद्र, शुक्रवार, १२ ऑक्टोबर २०१८

फव्वाज,

तुझे दुसरे "नाही" पहिल्यापेक्षा लहान होते. ते आत्याला पाठ करावे लागले नाही.

आज मी युक्तिवाद करणार नाही. काल नगरपालिकेच्या सभागृहात जे घडले तेवढे कळवतो, कारण ते तुझ्याविषयी आहे, आणि माणसाविषयी त्याच्या पाठीमागे जे ठरते ते त्याला कळले पाहिजे.

सभा खुली होती. जागेची संमती मिळालेली नाही, हे मी जाहीर केले. कारण सांगितले नाही, पण आपल्या गावात कारण सांगावे लागत नाही. मिफ्लिह उठला. त्याचे किराणा दुकान तुला आठवत असेल, आता तो सदस्य आहे आणि माझ्या प्रत्येक ठरावाला विरोध करणे हे आपले कर्तव्य मानतो. म्हणाला, "काजीसाहेब, खरं बोलू? बरंच झालं. हा पैसा आला कुणाच्या नावाने? त्यांच्या. उद्या गटार झालं की म्हणतील, हे आमच्यामुळे झालं. आमच्या पोरांना लग्न करायला भाड्याने खोली मिळत नाही आणि वर यांचे उपकारही मानायचे?"

त्याचे पहिले वाक्य चूक आणि शेवटचे खरे होते. मी उत्तर देण्यापूर्वी मागच्या रांगेतून अबू नवरस उठला. तू त्याला ओळखतोस. तुझ्या जमिनीवरचा अंजिराखालचा तंबू त्याचा होता. दरआजवळ त्याचे द्राक्षांचे मळे होते. आता तो इथे इतरांच्या जैतुनाच्या झाडांची छाटणी करतो आणि छाटणीबरोबर सल्लाही देतो, मागितला नसला तरी.

"एक विचारू?" तो म्हणाला. "फव्वाजभाऊंकडे जाहा का नेत नाही?"

सभागृहात कुणी हसले, कुणी खोकले. जाहा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. खून झाला, सोयरीक मोडली, शेजाऱ्यांत वैर आले, की गावातली मानाची माणसे मिळून एखाद्याच्या दारी जातात, कॉफीचा कप न पिता समोर जमिनीवर ठेवतात आणि मागणे मान्य होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. अशा दारातून लोकांना रिकामे पाठवणे ही घराची नाचक्की असते. पण मानाची माणसे म्हणजे गावची माणसे, ज्यांचे इथे घर आहे, कबरी आहेत.

मिफ्लिह म्हणाला, "न्यायची कुणी? फव्वाजचा राग आहे हायिलसाहेबांवर, आणि आम्ही सगळे त्यांच्या बाजूचे धरले जाऊ."

"आम्ही नेतो," अबू नवरस म्हणाला.

"तुम्ही?" मिफ्लिह खरोखरच चकित झाला होता. "अहो बाबा, तुम्ही पाहुणे. पाहुण्याने जेवावं, दुवा द्यावा आणि गप्प बसावं. पाहुणा कुठे जाहा नेतो? काल आला नि आज दुसऱ्याच्या ओसरीत कप खाली ठेवतो."

"पाहुण्याचा हक्क किती दिवसांचा असतो, मिफ्लिहशेठ?"

"तीन दिवसांचा. पोरालाही ठाऊक आहे."

"मला इथे पाच वर्षं झाली. तीन दिवस मी पाहुणा होतो, ते खाल्लं, अल्ला तुमचं भलं करो. उरलेली पाच वर्षं मी कोण होतो? एकतर घरचा, नाहीतर फुकटा. तुम्हीच ठरवा. फुकटा म्हणालात तर उद्यापासून तुमची झाडं छाटायला येणार नाही."

मिफ्लिहने माझ्याकडे पाहिले. दोनच पर्याय देऊन समोरच्याला त्यांतला एक निवडायला लावणे ही युक्ती मी तीस वर्षे शिकवली. ती इतक्या कमी शब्दांत बांधलेली क्वचितच पाहिली होती. शिवाय मिफ्लिहची झाडे या वर्षी फळांनी वाकली आहेत.

"घरचा म्हणा," उम्म लुबना बाजूने म्हणाली. ती होम्सची, तोंडाने तिखट आणि हाताने त्याहून तिखट, तिच्या मिरचीच्या लोणच्यासाठी मिफ्लिहच्या दुकानात रांग लागते. "घरचा म्हणा आणि जा त्याच्यासोबत. तुम्हाला बोलायची हौस आहेच."

तर असे ठरले आहे. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर जाहा तुझ्या घरी येईल. तू नाहीस, तुझ्या घरात आत्या राहते, म्हणून ती आत्यासमोर बसेल आणि तू फोनवर असशील. अबू नवरस बोलेल. मिफ्लिह सोबत असेल. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो केवळ रीत नीट पाळली जाते का हे पाहण्यासाठी जातो आहे.

अडचण माझी आहे. जाहा ज्या घरी येते त्या घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने तिचे स्वागत करायचे आणि उत्तर द्यायचे असते. आपल्या घरातला वडीलधारा पुरुष मी. म्हणजे मागणारा मी, देणाराही मीच, असा प्रसंग. मी आत्याला म्हणालो, मी येणार नाही. ती म्हणाली, "ये. पण तोंड उघडू नकोस. कॉफी वाढ." काजी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे काम शोभते की नाही याचा मी विचार केला. त्या ओसरीत ज्यात बोलावे लागत नाही असे हे एकच काम आहे, म्हणून पत्करले.

तू फोन उचलशील की नाही हे आत्याला कळव. मला नाही.

हायिल

दैर सिद्र, शनिवार, २० ऑक्टोबर २०१८

फव्वाज,

काल तुला फक्त छत दिसले, असे आत्या सांगते. तिने फोन उशीवर उताणा ठेवला होता आणि तिची नजर आता इतकी अधू झाली आहे की तिला ते कळले नाही. बाकीच्यांना कळले, पण तिला सांगण्याचे धाडस कुणी केले नाही. तू आवाज ऐकलेस, मध्येच आलेली शांतता ऐकलीस. त्या शांततेत काय झाले हे तुला कळायला हवे, म्हणून लिहितो.

ते नमाजानंतर आले. पुढे अबू नवरस, मागे मिफ्लिह, मशिदीचे इमाम आणि सात-आठ जण, अर्धे त्यांचे, अर्धे आपले. अबू नवरसने कुणाचा तरी कोट उसना घेतला होता, बाह्या आखूड होत्या. सगळे गादीवर बसले. आत्या भिंतीला टेकून, काठी मांडीवर आडवी घेऊन. मी कॉफीने भरलेला दल्ला उचलला आणि रीतीप्रमाणे पहिला कप जाहाच्या प्रमुखासाठी भरला.

इथे जे घडायचे होते ते सर्वांना ठाऊक होते. त्याने कप घ्यायचा, न पिता समोर ठेवायचा, मग मागणे मांडायचे. मी वाकून कप पुढे केला. अबू नवरस अर्धवट उठला, दोन्ही हातांनी कप घेतला, माझ्याकडे पाहिले, आणि एका घोटात पिऊन टाकला.

ती तू ऐकलेली शांतता.

कप रिकामा म्हणजे मागणे मागे घेतले, किंवा मागणे नव्हतेच, लोक नुसते कॉफीला आले होते. मिफ्लिहने कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला. अगदी हळू म्हणाला, "झालं. मागायच्या आधीच जेवून उठले." इमाम छताकडे पाहू लागले, म्हणजे तू आणि ते एकाच गोष्टीकडे पाहत होतात.

अबू नवरसच्या हातात कप तसाच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला म्हणाला, "काजीसाहेब, तुमच्या हातची कॉफी. तुम्ही माझ्यापुढे वाकलात. तुमच्या हातून घेतलेला कप मी जमिनीवर कसा ठेवू?"

त्याची चूक मला तिथेच समजली आणि ती चूक माझ्यामुळे झाली हेही समजले. एखादा तरुण पुतण्या कॉफी वाढत असता तर अबू नवरसने कप निश्चिंत खाली ठेवला असता. पण ज्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो राहतो, ज्याला रोज जिन्यात सलाम करतो, तो म्हातारा समोर वाकला. एका रीतीने सांगितले ठेव, दुसरीने सांगितले पी, आणि त्याने वडीलधाऱ्याचा मान राखला. मी गप्प राहण्यासाठी घेतलेले काम सगळ्यांत जास्त बोलून गेले होते.

मी तिथे दल्ला धरून उभा होतो, फव्वाज, आणि ऑक्टोबर संपत आला होता. गावाने पुन्हा तोंड वर करून तुझ्या दारी यावे कसे, हे मला सुचत नव्हते. जाहा एका मागण्यासाठी दोनदा येत नाही. शाळेजवळच्या विहिरीचे कुलूप माझ्या डोळ्यांसमोर होते.

तेव्हा आत्या म्हणाली, "काय झालं? सगळे मेलात का?"

शेवटी अबू नवरसच म्हणाला, "मी कॉफी प्यालो, आत्या."

"सगळी?"

"सगळी."

"गाळ सुद्धा?"

"गाळ राहिलाय थोडा."

आत्याने काठी जमिनीवर टेकली. "या घरात," ती म्हणाली, "माझ्या बापाच्या वेळेपासून, जाहाचा माणूस मागणं पदरात पडल्याशिवाय कॉफी पीत नाही. खरं का खोटं?"

"खरं," इमाम म्हणाले.

"हा प्यायला. खरं का खोटं?"

"खरं."

"मग मागणं दिलेलंच आहे. आता मला कळेना तुम्ही कशाला बसलात. मिफ्लिह, उगाच आ वासू नकोस, खजूर घे."

आत्याला अक्षर वाचता येत नाही. तिचे पहिले वाक्य सर्वसाधारण विधान, दुसरे विशेष, आणि त्यांतून निष्कर्ष. वर्गात असतो तर मी आक्षेप घेतला असता: "कुणी पिऊ नये" आणि "कुणी पीत नाही" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. आक्षेप बिनतोड होता. मी तो घेतला नाही. तोंड न उघडण्याचा शब्द दिला होता, हे त्याचे एक कारण.

मग उशीवरून तुझे हसू आले. पाच वर्षांनी ते ऐकले. ते तुझ्या लहानपणीसारखेच आहे, आधी नाकातून आणि मग सगळे एकदम. तू पुढे जे बोललास ते तुला ठाऊक आहे. तरी मी लिहितो, कारण जे ऐकले ते मला कागदावर हवे आहे.

"अबू नवरस," तू म्हणालास, "ती जागा मी तुम्हाला राहायला दिली होती. मी शब्द दिला होता. आता तिथे गावभराच्या गटाराचं पाणी येणार. तुम्हाला चालेल?"

अबू नवरस म्हणाला, "आमचंच पाणी आहे, फव्वाजभाऊ. परकं थोडंच आहे?"

ओसरीतली सगळी माणसे हसली. मिफ्लिहही हसला, आणि त्याला आपण हसलो हे उशिरा कळले. तू म्हणालास, "मग घ्या. बर्फात तुमचं काय झालं असतं ते मला आत्याने सांगितलं. घ्या." आणि फोन ठेवलास.

मी दल्ला घेऊन आत गेलो. तो रिकामा नव्हता, तरी मी तो धुतला, वाळत ठेवला, मग पुन्हा धुतला. उम्म लुबना स्वयंपाकघरात पुरुषांच्या जेवणाची ताटे मांडत होती. तिने माझ्या हातून दल्ला काढून घेतला आणि म्हणाली, "बसा. दोनदा धुतलात तो." मी गव्हाच्या पोत्यावर बसलो. खूप वर्षांनी कुणी मला बस म्हणाले आणि मी का असे विचारले नाही.

तुझे संमतिपत्र कुवेतच्या दूतावासातून सोमवारी निघेल, असे आत्या म्हणते. ते मुदतीत पोहोचते. आज पहाटे मी नेहमीच्या वेळी जागा झालो नाही.

काल सलामालेकीपासून शेवटपर्यंत तू आत्याशी, अबू नवरसशी, इमामांशी बोललास, मिफ्लिहच्या दुकानाचीही चौकशी केलीस. माझ्याशी बोलला नाहीस. ही तक्रार नाही. नोंद आहे.

हायिल

दैर सिद्र, मंगळवार, ५ मार्च २०१९

फव्वाज,

खोदाई आपल्या जमिनीपासून सुरू झाली आणि उतार चढत गावात शिरली आहे. कंत्राटदार आपला, नळ इराकहून, खोदणारे दोन्हीकडचे. सुरुवातीला ते वेगवेगळ्या झाडांखाली जेवत. आता एकाच झाडाखाली जेवतात, कारण दुसरे झाड खोदाईत गेले. या घटनेतून मोठा निष्कर्ष काढू नये, असे मी निधी देणाऱ्यांच्या पाहणी करणाऱ्या बाईंना सांगितले. त्यांनी तरी तो लिहून घेतला.

विहिरीचे कुलूप अजून काढलेले नाही. पाणी तपासणारा म्हणतो, खड्डे बंद झाल्यावर एक पावसाळी ऋतू जाऊ द्या. दवाखान्यातली मुले घरी आली. शेवटचे मूल जानेवारीत आले, अंगाने अर्धे राहिले होते, आता शाळेत भांडते आहे.

आज सकाळची गोष्ट सांगतो. उम्म लुबना माझ्या कार्यालयात आली. एरवी ती येते तेव्हा दारात थांबते, छातीवर हात ठेवते आणि म्हणते, "आम्ही बाहेरची माणसं, काजीसाहेब, तक्रार करायचा आम्हाला हक्क नाही, पण..." त्या "पण"नंतर जे येते ते इतक्या हळू आवाजात येते की दोनदा विचारावे लागते. सहा वर्षे ती, आणि तिच्यासारखे सगळे, या कार्यालयात अशा आवाजात बोलत आले आहेत.

आज ती दार न ठोठावता आत आली. मागून मिफ्लिह आला, तोही तापलेला.

"कसले अध्यक्ष तुम्ही?" ती म्हणाली. "तीन आठवडे माझ्या दारात खंदक आहे. फळीवरून जाते मी. माझ्या लोणच्याच्या बरण्यांत धूळ, अंथरुणात धूळ. काल माझी लुबना पडली त्यात."

"पडली?" मी विचारले.

"पडली नाही, पडणार होती. तुमच्या माणसांना सांगितलं तर म्हणतात, साहेबांना विचारा. विचारतेय. कधी बुजवणार?"

"आणि माझं गिऱ्हाईक?" मिफ्लिह म्हणाला. "माझ्या दुकानासमोर तर खड्ड्यात खड्डा. आम्ही दोघांनी मिळून अर्ज केलाय. आमची गल्ली काय परकी आहे?"

"आमची गल्ली," उम्म लुबनाही म्हणाली. "आम्ही पट्टी भरतो की नाही? परवाच भरली. पावती दाखवू?"

मी म्हणालो, पावतीची गरज नाही. मी शिपायाला चहा आणायला सांगितले. तिने चहा घेतला नाही, आधी उत्तर द्या म्हणाली. मी तारीख दिली. तिला ती लांबची वाटली, तिने मला आणखी दोन वाक्ये ऐकवली जी इथे लिहिण्यासारखी नाहीत. मिफ्लिहने तिला दुजोरा दिला. गेल्या सहा वर्षांत ते दोघे प्रथमच एका गोष्टीवर सहमत झाले, आणि ती गोष्ट म्हणजे माझा नालायकपणा. फव्वाज, मी न्यायासनावर आणि या खुर्चीवर पुष्कळ स्तुती ऐकली आहे. तिच्यातल्या कशानेही मला आज सकाळइतके हलके वाटले नव्हते.

जाताना ती दारात वळली. "आणि त्या पंपघराच्या जागेचा मालक कोण? त्याने येऊन बघावं एकदा. आपल्या जमिनीत काय चाललंय याची माणसाला फिकीर हवी."

मी म्हणालो, "मालक दोन आहेत. एकाला तुम्ही आत्ताच शिव्या दिल्यात. दुसऱ्याला मी पत्र लिहितो आहे."

"लिहिताय कशाला?" ती म्हणाली. "बोलवा."

तेव्हा हे पत्र लवकर संपवतो. आत्या सांगत होती, तू तिला विचारलेस की मी दुपारी झोपतो का.

झोपत नाही. फोन हाताशी असतो.

हायिल